चौथा स्क्रू

आईच्या पाठीत चार स्क्रू आहेत. त्यातले तीन रोबोटच्या मदतीने बसवलेत आणि एक डॉक्टरांनी नुसत्या हाताने. हाताचा कुठला, हे बाबा गेले आठ महिने एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून शोधतायत.

पण हे सगळं सुरू झालं डीमार्टपासून. आईला मंडईत दहा मिनिटं उभं राहवेना, कोथिंबिरीचा भाव विचारेपर्यंत पाय भरून यायचे, पोटऱ्यांत मुंग्या, मग कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकायचं, दोन मिनिटांत बरं, परत उठायचं, परत तेच. आणि हीच बाई डीमार्टमधे ट्रॉली ढकलत तासभर फिरायची, वरच्या मजल्यावर चादरी बघायची, खाली येऊन परत डाळी. बाबा म्हणायचे, मंडईत दुखतात आणि डीमार्टात दुखत नाहीत, हे कसले पाय तुझे. मीपण हसायचे, आता लिहिताना लाज वाटते. आई काही बोलायची नाही, नुसती बघायची.

पुढे ज्या स्पाइन सर्जनकडे गेलो त्यांनी एमआरआयचं पाकीट उघडायच्या आधीच विचारलं, "काकू, दुकानात ट्रॉली ढकलताना बरं वाटतं का?" आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. सुप्रीम कोर्टात केस जिंकल्यासारखी.

झालेलं असं होतं की कमरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला, मागचे सांधे झिजून झिजून जाड झालेले आणि मधली नसांची वाट चिंचोळी. ताठ उभं राहिलं की ती वाट अजून आवळते, पुढे वाकलं की जराशी उघडते, आणि ट्रॉलीच्या दांड्यावर माणूस नकळत वाकतोच. पन्नाशीनंतर बायकांमधे हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा याच जागी, एल४-एल५ला. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, "मणक्यात गॅप". सोसायटीत निम्म्या लोकांच्या मणक्यात गॅप आहे, आणि उरलेल्या निम्म्यांकडे त्याच्यावर तेल आहे.

लगेच कोणी कापाकापी सुचवली नाही हे सांगायला हवं. सहा महिने फिजिओ झालं, गोळ्या झाल्या, पाठीत एक इंजेक्शन झालं त्याने दीड महिना बरं वाटलं आणि मग जैसे थे. शेवटी आई स्वतःच म्हणाली, करून टाकू. शेजारच्या काकूंनी ताबडतोब त्यांच्या कुणा लांबच्या दिरांचं सांगितलं की पाठीचं ऑपरेशन केलं आणि ते कायमचे अंथरुणाला खिळले. प्रत्येक सोसायटीत असे एक दीर असतात.

आता बाबांविषयी. बाबा चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला होते, अठ्ठावीस वर्षं. जिग-फिक्स्चर बनवणं हे त्यांचं काम. आमच्या घरात व्हर्नियर देवघराच्या खालच्या खणात असतो, आणि कुठलीही वस्तू घरात आली की बाबा आधी ती उलटी करून बघतात, खालून कशी बसवलीय ते. डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा मणका होता, तोपण त्यांनी न विचारता उचलला आणि उलटा केला.

डॉक्टर चाळिशीचे असतील, गप्पिष्ट. त्यांनी तो मणका बाबांच्या हातात राहू दिला आणि तिथेच दाखवायला सुरुवात केली. मणक्याचा पुढचा भाग म्हणजे जाड गोल ठोकळा, मागे कमान, आणि दोन्ही जोडणारे डावी-उजवीकडे दोन आखूड खांब. त्याला पेडिकल म्हणतात. मराठीत देठ म्हणा, ते म्हणाले, वांग्याला असतो तसा. बाहेरून कडक कवच, आत जाळीदार मऊ हाड. स्क्रू मागून या देठात घुसवायचा आणि पुढच्या ठोकळ्यात रुतवायचा. देठाच्या आतल्या अंगाला नसांची मुख्य वाट, आणि देठाच्या अगदी खालून एक नस बाहेर पडते. म्हणजे स्क्रू आत किंवा खाली सरकला की नसेला लागलाच. त्यातल्या त्यात बरं एवढंच की मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा नुसता झुबका असतो, त्यामुळे इतक्या खाली पूर्ण लुळेपणाची भीती बरीच कमी. (काकूंचे दीर इथे माझ्या डोक्यातून निघून गेले.)

"देठ केवढ्याचा?" बाबा.

"काकूंचा या लेव्हलला सेंटीमीटरच्या वर आहे. स्क्रू साडेसहा मिलिमीटर जाड, पंचेचाळीस लांब."

"मग जागा आहे की."

"इथे आहे. छातीच्या मधल्या मणक्यांत हाच देठ चार-पाच मिलिमीटरचा असतो. तिथे खरी मजा."

मग त्यांनी सांगितलं की हॉस्पिटलमधे रोबोट आलाय आणि तो वापरू. आईचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यासमोर काय आलं असेल ते मला कळलं कारण माझ्याही समोर तेच आलं, दिवे लुकलुकणारा पत्र्याचा माणूस हातात ड्रिल घेऊन. आई हळूच म्हणाली, "तुम्ही नसणार का मग?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, काकू मीच असणार. रोबोट स्क्रू बसवत नाही. तो फक्त एक नळी धरून उभा राहतो, ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात, न हलता. त्या नळीतून ड्रिल मीच घालणार, आटे मीच पाडणार, स्क्रू मीच पिळणार.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे ड्रिल जिग."

"काय?"

"जिग हो. आम्ही तेच करायचो आयुष्यभर. जॉबवर भोक कुठे पडायचं आणि कुठल्या अँगलला, हे कारागिराच्या हातावर सोडायचं नाही. लोखंडाची एक चौकट करायची, तिच्यात कडक बुश, म्हणजे पोलादी नळीचा तुकडा, बसवायचा, चौकट जॉबवर बसवली की ड्रिल त्या बुशातूनच जाणार. मग नवशिक्या पोरगा असला तरी भोक जागेवर."

डॉक्टर दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाले, "काका, मी एवढी वर्षं पेशंटना हे समजावतोय, एवढ्या सोप्या शब्दात कधी जमलं नाही."

झालं. तिथून पुढे ती ओपीडी आईची राहिली नाही, बाबांची झाली. बाहेर सतरा पेशंट बसलेले आणि आत टूलरूमच्या गप्पा. जॉब हलला तर? डेटम कुठला? डॉक्टरांना डेटम शब्द कळला नाही, मग बाबांनी सांगितलं की सगळी मापं ज्या एका ठिकाणापासून मोजतात ते. हां, म्हणजे रेफरन्स, डॉक्टर म्हणाले. तर तो असा असतो की पेशंटच्या हाडात, कमरेच्या मागच्या उंचवट्यात वगैरे, एक पिन घट्ट बसवतात आणि तिच्या आधाराने यंत्राला कळतं की पाठ कुठे आहे. काही यंत्रांत त्या पिनेवर चमकणाऱ्या गोळ्यांची एक चौकट असते आणि वरून इन्फ्रारेड कॅमेरा ती बघत असतो, काहींत रोबोटचा हातच त्या हाडाला जखडतात. सीटी स्कॅनवर आधी आखणी झालेली असते, कुठला स्क्रू कुठून किती. पण गंमत अशी की सीटी काढताना पेशंट उताणा असतो आणि ऑपरेशनला पालथा, म्हणजे मणके एकमेकांच्या मानाने थोडे हललेले असतात. म्हणून मग ओटीत दोन कोनांतून एक्स-रे काढून प्रत्येक मणका वेगवेगळा सीटीशी जुळवायचा. नाहीतर सरळ ओटीतच पालथ्या पेशंटचा सीटी काढायचा, तेही करतात.

"आणि मधेच पिनेला कुणाचा धक्का लागला तर?"

"तर सगळंच चुकतं, आणि स्क्रीनवर मात्र सगळं छान दिसत राहतं. म्हणून मधेमधे एक टोकदार दांडी ओळखीच्या हाडावर टेकवायची आणि बघायचं की स्क्रीनवरपण ती तिथेच टेकलेली दिसतेय का."

बाबांनी मान डोलावली. मला वाटतं डॉक्टरांवर त्यांचा विश्वास तिथे बसला, डिग्रीवर नाही, या दांडी टेकवण्यावर.

फक्त एका गोष्टीवर खटका उडाला. बाबांनी विचारलं टॉलरन्स किती, म्हणजे मापात किती चूक चालते. डॉक्टरांनी सांगितलं की स्क्रूला ग्रेड देतात, गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स या दोघांनी १९९०मधे मांडलेली पद्धत आहे. ए म्हणजे स्क्रू पूर्ण देठाच्या आत, बी म्हणजे दोन मिलिमीटरच्या आत बाहेर आलेला, मग चार, सहा आणि त्याच्या पुढे ई. ए आणि बी सहसा चालवून घेतात. बाबा अक्षरशः दुखावले. "दोन मिलिमीटर? आमच्याकडे दोन मिलिमीटर म्हणजे जॉब भंगारात. सुतार सुताने मोजतो, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर, त्याचं ठीकाय. आम्ही मायक्रॉनमधे मोजायचो."

"काका, तुमचा जॉब श्वास घेत नव्हता."

बाबांकडे याला उत्तर नव्हतं. घरी येताना रिक्षात आकुर्डीपर्यंत गप्प होते.

मग रात्री मी मोबाइलवर वाचत बसायला लागले. माझं विज्ञान दहावीपर्यंतचं, मी बँकेत असते, पण आईच्या पाठीत काय जाणार हे कळल्याशिवाय झोप येईना. आणि वाचता वाचता त्यात रमलेच. १९६०च्या आसपास अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन नावाचे सर्जन पोलिओने वाकड्या झालेल्या पोरांच्या पाठी सरळ करायला स्टीलचा दांडा आणि हुक वापरायचे, हुक मणक्याच्या मागच्या कमानीत अडकवायचा आणि दांड्याने ताणायचं. स्क्रू देठातून घालायचं तंत्र पॅरिसच्या रॉय-कामिय यांनी त्याच दशकात रूढ केलं. विचार करा, सीटी स्कॅन नाही, एमआरआय नाही, नुसता एक्स-रे आणि शरीररचनेचं ज्ञान, आणि माणूस जिवंत माणसाच्या मणक्याच्या देठात आंधळेपणाने स्क्रू घालतोय. आंधळेपणाने म्हणजे डोळ्यांनी नाही, बोटांनी तो बघतच असणार.

हे बोटांनी बघणं काय असतं ते डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं. हाताने स्क्रू टाकताना आधी हाडाच्या खुणा शोधायच्या, आडवा काटा आणि सांध्याचा कोपरा जिथे भेटतात तिथे वरचं कवच फोडायचं, मग एक बोथट टोकाची दाभणासारखी दांडी हलकेच पिळत पिळत आत न्यायची. आत मऊ हाड असेपर्यंत ती एकसारखा करकर आवाज करत, एकसारखा जोर मागत जाते. जोर एकदम वाढला तर टोक कवचावर आदळतंय. जोर एकदम नाहीसा झाला तर कवच फुटून बाहेर गेलीये, थांबा. मग एक बारीक तार, टोकाला गोळी असलेली, त्या भोकात घालून चारी भिंती आणि तळ चाचपायचा. पाचही ठिकाणी हाड लागलं पाहिजे. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, गेज लावतात म्हणजे.

आणि हे बोटांनी बघणारे लोक किती चुकतात? २००७मधे एका मोठ्या अभ्यासात आधीच्या सगळ्या पेपरांतले ३७ हजारांवर स्क्रू एकत्र मोजले, त्यातले ९१ टक्के नीट होते. दहातला एक थोडाफार इकडेतिकडे. ऐकायला भयंकर वाटतं पण त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीच त्रास होत नाही, त्या देठाच्या आसपास थोडी सवलत देवाने ठेवलीये. ज्यांना होतो त्यांना मात्र पाय जळजळत राहतो, पाऊल उचलत नाही, परत टेबलावर जावं लागतं.

तर या दहातल्या एकासाठी रोबोट. इस्रायलमधे हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले मोशे शोहम हे यंत्रमानवाचे प्राध्यापक, त्यांनी २००१मधे एका सहकाऱ्याबरोबर मेझॉर नावाची कंपनी काढली. त्यांचं पहिलं यंत्र, स्पाइनअसिस्ट, कोल्ड्रिंकच्या कॅनएवढं होतं. सहा छोटे पाय असलेला एक चबुतरा, तो पेशंटच्या पाठीवरच बसवायचा, पाय कमी-जास्त करून तो हवा तसा कलायचा आणि नळीचा कोन धरायचा. २००४मधे त्याला अमेरिकेची परवानगी मिळाली. म्हणजे अगदी जिगच, जॉबवर बसवलेला. पुढे ती मोठी हातवाली यंत्रं आली, दुसऱ्या कंपन्या आल्या, २०१८मधे मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या बड्या कंपनीने मेझॉर सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेतली. एवढे पैसे कुठूनतरी वसूल व्हायचे असतात हे बँकेत बसून माझ्या डोक्यात येणारच.

आणि मग मला ती गोष्ट सापडली. २०१२मधे जर्मनीत साठ पेशंटवर चाचणी घेतली, निम्म्यांना रोबोट, निम्म्यांना साधा हात, चिठ्ठ्या टाकल्यासारखं कोणाला काय. हाताचे ९३ टक्के स्क्रू चांगले बसले. रोबोटचे ८५. रोबोट हरला! कारण काय तर नळीचं टोक हाडाच्या उतरत्या बाजूवर टेकायचं आणि बाहेरच्या बाजूला घसरायचं. रोबोटचं गणित बरोबर होतं, नळी बरोबर धरली होती, पण हाडाला टेकल्यावर सगळं सरकलं.

मी हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी वाचून दाखवलं. बाबांनी कप खाली ठेवला. "उतारावर ड्रिल लावलं तर घसरणारच. हे अप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात सांगतात. आधी स्पॉट फेस करायचा, एवढीशी सपाट जागा करायची, मग ड्रिल. पंच तरी मारा. एवढ्या शिकलेल्या लोकांना सांगितलं नाही कोणी?"

पुढच्या भेटीत त्यांनी खरंच विचारलं. मी टेबलाखालून पाय मारत होते. पण डॉक्टर म्हणाले हो, त्याला आम्ही स्कायव्हिंग म्हणतो, रोबोटिक स्पाइनमधली सगळ्यात वाईट खोड ती. आता बर म्हणून हाड घासणारं वेगाने फिरणारं टोक असतं, त्याने आधी तिथे सपाट खळगी करतात, ड्रिल खूप वेगाने फिरवत पण हलक्या हाताने टेकवतात, काही यंत्रांत नळीवर बाजूने जोर आला की स्क्रीनवर काटा हलतो. नंतरच्या अभ्यासांत रोबोटचे आकडे पंच्याण्णवच्या वर गेलेत. "पण काका, खरं सांगू? काकूंच्या केसमधे रोबोट नसता तरी मी तेवढ्याच शांतपणे केलं असतं. वाकड्या पाठीच्या पोरी येतात ना, तेरा-चौदा वर्षांच्या, मणके पिळवटलेले, देठ काडीएवढा, तिथे याचा खरा उपयोग."

मग काकूंना कशाला, हा प्रश्न मी विचारला नाही. विचारायला हवा होता. यंत्र आलंय, ते वापरलं तरच टीमचा हात बसतो, वापरलं तरच त्याचा हप्ता निघतो, हे मला न विचारताही कळत होतं. एस्टिमेटवर "रोबोटिक चार्जेस" अशी वेगळी ओळ होती आणि त्या रकमेत आमची जुनी स्कूटर दोनदा आली असती. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९मधे ज्या बारा आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळू नका म्हणून सांगितलं त्यात रोबोटिक सर्जरी आहे, पण त्यावर मर्यादा घालायची मुभा ठेवली. आमच्या पॉलिसीत ती मर्यादा बरोब्बर आम्हाला लागेल एवढ्या बारीक अक्षरात होती. तरी आम्ही हो म्हटलं. आईच्या पाठीसमोर घासाघीस करायला तोंड उघडत नाही, आणि हे हॉस्पिटलवाल्यांनाही माहीत असतं.

बाबांचा एकच शेवटचा प्रश्न होता, ड्रिलचा नाही, आट्यांचा. "हाड ठिसूळ असलं तर आटे धरतील का?" डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा स्कॅन, झाला होता, आईचं हाड वयाच्या मानाने ठीक होतं. नाहीतर जुन्या दाराच्या बिजागरीचं होतं तसं होतं, स्क्रू नवा, भोक जुनं, आटे गेलेले, कितीही पिळा फिरतच राहतो. तिथे रोबोट असो नाहीतर ब्रह्मदेव, जागेवर घातलेला स्क्रूपण सुटून येतो.

ऑपरेशनच्या दिवशी पाऊस होता. आईला सकाळी सातला आत नेलं, जाताना तिने मला तिच्या बांगड्या दिल्या आणि सांगितलं की फ्रिजमधे कोथिंबीर निवडून ठेवलीये, वापर, नाहीतर काळी पडेल. बाबा वेटिंगमधे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनाने काहीतरी काढत बसले होते. बघितलं तर मणका. वरून, बाजूने, मागून, तिन्ही व्ह्यू, मापांसकट, टूलरूमच्या ड्रॉइंगसारखा. स्क्रूच्या मध्यरेषा तुटक रेघांनी. एल४चे दोन, एल५चे दोन. मी काही बोलले नाही. ज्याला जे येतं त्याने तो देवाचं नाव घेतो.

साडेबाराला डॉक्टर बाहेर आले, टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. छान झालं म्हणाले. नसा मोकळ्या केल्या, दोन मणक्यांच्या मधे केज, म्हणजे आधाराचा छोटा ठोकळा, बसवला, चार स्क्रू, दोन दांडे. मग जरा थांबून, बाबांकडे बघून, "काका, तीन रोबोटने टाकले. एक मी हाताने टाकला."

"का?"

"सांधा तिथे खूप वाढलेला होता, उतार. खळगी केली तरी ड्रिल टेकल्यावर मला हाताला बरोबर वाटेना. स्क्रीन म्हणत होती ठीक आहे. मी सी-आर्म घेतला, ओटीतलं एक्स-रेचं यंत्र, तर टोक दोनेक मिलिमीटर बाहेर. मग नळी बाजूला केली आणि जुन्या पद्धतीने टाकला. चारी भिंती चाचपल्या. मस्त बसलाय."

हे सांगायची त्यांना काही गरज नव्हती. आम्हाला कधी कळलंही नसतं. बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही, मला वाटलं रडतात की काय, पण नाही, ते त्यांची बोटं बघत होते.

घरी आल्यावर मात्र त्यांचं एक पालुपद सुरू झालं. त्यांच्या टूलरूममधे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं बहार होती कारण यंत्र चालवणारे लोक सगळे हाताने शिकलेले होते, आवाजावरून ओळखायचे की टूल गेलं. मग नुसती सीएनसीवरच शिकलेली पोरं आली, हुशार, पण स्क्रीन ठीक म्हणतेय तोवर त्यांना ठीक वाटायचं. "या डॉक्टरांना हाताला बरोबर वाटेना, कारण त्यांनी आधी हजार स्क्रू हाताने टाकलेत. त्यांच्या हाताखालचा तो दाढीवाला पोरगा, त्याने किती टाकलेत?" मी म्हटलं बाबा, तुम्हीच म्हणालात ना जिग असला की नवशिक्याचंपण भोक जागेवर. तर म्हणाले, "जॉब लोखंडाचा असला तर."

बिलात रोबोटिक चार्जेस पूर्ण लागले. चौथ्या स्क्रूचा डिस्काउंट नाही. काउंटरवरच्या मुलीला मी विचारून बघितलं, तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आई दुसऱ्या दिवशी उभी राहिली, चौथ्या दिवशी घरी. पहिले सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्याने निवडलेली भाजी खायची. पायातल्या मुंग्या पहिल्याच दिवशी गेल्या. डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला थोडा बधिरपणा होता तो महिन्या-दोन महिन्यांनी ओसरला.

आणि बाबांना मिळाले एक्स-रे. समोरून एक, बाजूने एक. त्यात ते चार स्क्रू पांढरेशुभ्र दिसतात, आटे मोजता येतात. गडबडीत कुठला हाताचा हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी कोनमापक काढला, पट्टी काढली, ट्रेसिंग पेपर आणला. मी सांगून बघितलं की एक्स-रे ही नुसती सावली असते, सावलीवरून खरा कोन निघत नाही, तर म्हणाले दोन सावल्या आहेत की, दोन व्ह्यूवरून तिसरा काढायचा हे मी तुझ्या जन्माआधीपासून करतोय.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी एक्स-रे टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, ओळखा. डॉक्टरांनी लाइट लावला, वाकून बघितलं, इकडून, तिकडून. मग सरळ झाले. "काका, नाही सांगता येणार मला. ऑपरेशनची नोट काढावी लागेल. सिस्टरना सांगतो."

"नको," बाबा म्हणाले. "काढू नका."

सध्याचा त्यांचा अंदाज असा आहे की वरचा उजवा हाताचा असावा, कारण चारांत तोच सगळ्यात सरळ आहे. आधी खालचा डावा म्हणत होते. आईला यातलं काही नको असतं, तिला ती खिडकीची काच मोकळी हवी असते, पडदे धुवायला काढायचे असतात.

परवा रविवारी तिघं मंडईत गेलो. आईने पाऊण तास लावला. तीन ठिकाणी गवार मोडून बघितली, एका ठिकाणी भांडली, कोथिंबिरीच्या दोन जुड्यांतली कुठली घ्यायची यावर भाजीवालीशी तिच्या सुनेपर्यंत बोलणं पोचलं. मी आणि बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशव्या घेऊन बसलो होतो. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि मला विचारलं, तुझ्याकडे एखादी पावती वगैरे आहे का, मागून कोरी.